खालची रेघ

क्लाक्सविकच्या धक्क्यावर, बर्फाच्या कारखान्याच्या वरच्या खोलीत
मार्युन बसते. तिच्या कीबोर्डावर डकवलेले कागदाचे कपटे,
कपट्यांवर हातानं काढलेली चिन्हं:
उलटा त्रिकोण, लाटेसारखी वळवळ, एक चौकट जिच्यात काहीच नाही.
ही एपीएल. या बेटांवर ती वाचता येणारी माणसं
मार्युन धरून दोन. दुसरा आता मेंढ्या राखतो.

ब्रेस्तिर सप्टेंबरात आला, राजधानीतून शिकून, ओल्या बुटांनी,
आणि पहिल्याच आठवड्यात त्यानं बावीस ओळी लिहिल्या:
एक मासा घे. जर लांबी चाळीस किंवा जास्त असेल
तर वजन बेरजेत घाल,
नाहीतर जर अमुक,
नाहीतर जर तमुक,
नाहीतर पुढचा मासा घे.

मार्युननं चष्मा कपाळावर सरकवला.
"एवढं जरतारी नेसवून कुठं पाठवतोस कॉडला? लग्नाला?"
(ती म्हणाली तिच्या भाषेत, काहीतरी झालरीबद्दल.
जरतारीचा श्लेष माझा. मला मोह आवरला नाही.)

मग तिनं एक ओळ लिहिली. उजवीकडून डावीकडे वाचायची.
सगळ्या लांब्या एकदम, चाळीसशी तुलना एकदम,
आणि उत्तराची एक माळ:
एक एक शून्य एक शून्य शून्य एक.
ती माळ वजनांवर धरली, चाळणी धरावी तशी.
एकाखालचे राहिले, शून्याखालचे गळले.
"इथं अट म्हणजे आकडाच," ती म्हणाली.
"त्याच्याशी हुज्जत घालू नको. गूण."
"आणि एकेक मासा?"
"जाळं कधी एकेक मासा धरतं का रे?"

मग तिनं पडद्यावर नख टेकवलं,
लहान-किंवा-समान या चिन्हावर, अगदी त्याच्या पायाशी.
"ही खालची रेघ. एकदा मी ती विसरले होते.
स्योर्दुरच्या बारा पेट्या, नेमक्या चाळीसच्या,
आमिषाच्या भावानं गेल्या.
तिसऱ्या दिवशी कळलं. फरकाचं पाकीट मी घेऊन गेले,
त्यानं दार उघडलं, पाकीट बघितलं, दार लावलं.
अकरा वर्षं चर्चमध्ये माझ्या मागच्या बाकावर बसून
माझ्या मानेकडे बघत होता."
आमच्याकडे अशा वेळी आत्याबाईला मिशा फुटतात,
असं असतं तर, तसं केलं असतं तर.
मार्युननं तसलं काही म्हटलं नाही. बिस्किट कॉफीत बुडवलं.

मग ती त्याच्या बावीस ओळी खोडायला लागली
खालून वर.
सतराव्या ओळीशी थांबली.
जर लांबीची नोंदच नसेल
तर पेटी बाजूला ठेव, माणसाला विचार.

मापयंत्र अडकलं की लांबी शून्य लिहितं.
शून्य चाळीसहून लहान.
तिच्या चाळणीनं सव्वीस वर्षं
न मोजलेले मासे लहान म्हणून गाळले होते,
सफाईनं, एका ओळीत, कुणाला न विचारता.

खोलीत फक्त बर्फाच्या यंत्राची घरघर.
ब्रेस्तिर म्हणाला, "क्वचितच होत असेल."
तिनं उत्तर दिलं नाही. दुसरी ओळ लिहिली,
तिच्याच पद्धतीची, त्यात अजूनही जर नव्हतं:
शून्यांची वेगळी माळ, आणि ते कुठं कुठं आहेत
त्या पेट्यांचे नंबर.
आजचे तीन आले.

भिंतीवरची लाकडी पट्टी काढून ती जिन्यानं खाली गेली,
कोटाची बटणं लावत, सत्तरीतले गुडघे सांभाळत.
पहिला एकेचाळीस.
दुसरा अडतीस, तो तिनंच परत टाकला.
तिसरा बर्फात वाकडा गोठलेला,
पट्टीवर धरला तर चाळीसच्या अलीकडे किंचित,
किंवा पलीकडे.

"शेपूट सरळ कर," ती ब्रेस्तिरला म्हणाली,
"सावकाश. तुटेल."